एकट्याचा अभ्यास, सोबतीचा अभ्यास : बर्कलेतील एका वर्गाची कथा

विद्यार्थ्याला काय शिकवावे, याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. अभ्यासक्रम मंडळे, पाठ्यपुस्तके, प्रशिक्षण वर्ग आणि परिपत्रके यांच्या द्वारा तो सतत चालूही असतो. कसे शिकवावे, याचाही ऊहापोह कमी झालेला नाही. परंतु वर्ग सुटल्यानंतर विद्यार्थी घरी किंवा वसतिगृहात पुस्तक उघडून बसतो, तेव्हा तो नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘अभ्यास कर’ असे त्याला आईवडील सांगतात, शिक्षक सांगतात, गावातील वडीलधारी मंडळीही सांगतात. अभ्यास म्हणजे काय करावयाचे, हे त्याला बहुधा कोणीच सांगत नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्याला ते घरातूनच नकळत कळते. ज्याच्या घरात तोच पहिला शिकणारा आहे, त्याने ते कोठून शिकावे?

या प्रश्नाचे एक अत्यंत बोधप्रद उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत १९७० च्या दशकात शोधले गेले. विषय होता गणिताच्या पहिल्या वर्षाचा कलनाचा अभ्यासक्रम, म्हणजे महाविद्यालयीन बोलीत ज्याला कॅल्क्युलस म्हणतात तो. हा विषय अनेक शाखांचा उंबरठा होय. तो ओलांडता आला नाही तर अभियांत्रिकी, विज्ञान, अर्थशास्त्र आणि पुष्कळदा वैद्यक या सर्वांचीच दारे विद्यार्थ्याला बंद होतात. बर्कलेत या उंबरठ्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अडखळून पडत होते. कार्यशाळा सुरू होण्यापूर्वीच्या दशकात कलनाचे पहिले सत्र पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना ‘डी’ अथवा ‘एफ’, म्हणजे अगदी तळाच्या श्रेणी मिळाल्या होत्या. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, परंतु पहिल्याच वर्षी गणिताने त्यांना परत पाठविले, असे हे चित्र होते.

चार समजुती

फिलिप युरी ट्रीझमन हे त्या वेळी बर्कलेत गणिताचे संशोधक विद्यार्थी होते आणि तेथील साहाय्यक अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहत होते. हे विद्यार्थी का नापास होतात, असा प्रश्न त्यांनी प्राध्यापकांना विचारला. उत्तरे चार प्रकारची आली. या मुलांना पुढे जाण्याची तळमळ कमी आहे. त्यांची शालेय तयारी कच्ची आहे. त्यांच्या घरी शिक्षणाला पाठबळ नाही. आणि त्यांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे. आपल्याकडील कोणत्याही शिक्षक खोलीत हाच प्रश्न विचारला, तर याहून वेगळी उत्तरे मिळतील असे वाटत नाही.

ट्रीझमन यांनी ही उत्तरे तपासून पाहण्याचे ठरविले आणि त्यासाठी वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांची निवड केली. प्रश्नावल्या भरून घेऊन ते थांबले नाहीत. ते विद्यार्थ्यांच्या सोबत राहिले, त्यांचा अभ्यास जेथे चाले तेथे जाऊन बसले आणि त्याचे चित्रीकरणही केले. चारही समजुती या निरीक्षणात टिकल्या नाहीत. या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आपापल्या शाळेत पहिले आलेले होते. त्या शाळांतून बर्कलेपर्यंत पोहोचणे हीच तळमळीची साक्ष होती. पालकांनी मुलांच्या शिक्षणासाठी मोठी झीज सोसली होती. सर्वच कुटुंबे दरिद्री होती असेही नाही. पुष्कळांचे पालक शाळाशिक्षक वा शासकीय सेवक होते. सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट शालेय तयारीसंबंधीची होती. प्रवेशपूर्व परीक्षेत गणितात अधिक गुण मिळविणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनात कमी गुण मिळविणाऱ्यांपेक्षा सरस ठरत नव्हते. उलट संबंध विरुद्ध दिशेचा दिसत होता. तयारी कच्ची म्हणून अपयश, हे स्पष्टीकरण येथे कोलमडले.

अभ्यासाच्या टेबलापाशी

मग फरक होता तरी कोठे? तो विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नव्हता, वर्गातही नव्हता. तो वर्गाबाहेरच्या संध्याकाळी होता.

एक तास व्याख्यान ऐकले, तर दोन तास घरी अभ्यास करावा, असा संकेत तेथे विद्यार्थ्यांना सांगितला जाई. आठवड्याला चार तास व्याख्याने असत. कृष्णवर्णीय विद्यार्थी हा संकेत इमानेइतबारे पाळत. आठवड्याला आठ तास अभ्यास करीत, गृहपाठ वेळेवर देत आणि तरीही नापास होत. वीसपैकी अठरा विद्यार्थी कधीही वर्गमित्रांबरोबर अभ्यास करीत नव्हते. अभ्यास एकट्याने करावयाचा आणि मैत्री अभ्यासाबाहेर ठेवावयाची, हा त्यांचा जीवनक्रम होता. आणि तो अकारण नव्हता. ज्या शाळांतून ते आले होते, तेथे सोबत्यांपासून अलग राहून, स्वतःच्या हिमतीवर अभ्यास केला म्हणूनच ते पुढे आले होते. ज्या सवयीने त्यांना विद्यापीठाच्या दारापर्यंत आणले, तीच सवय आत आल्यावर त्यांना मारक ठरत होती.

चिनी वंशाचे विद्यार्थीही प्रथम एकटेच बसत. परंतु त्यानंतर ते एकत्र जमत, बहुधा जेवणाच्या निमित्ताने. एकमेकांची उत्तरे ताडून पाहत. एकाचे उत्तर वेगळे आले तर चूक कोणाची याचा शोध घेत. सर्वांचेच अडले, तर उदाहरणच अवघड आहे हे त्यांना उमगे आणि कोणाचाही धीर खचत नसे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे, परीक्षेत काय अपेक्षित आहे याचा अंदाज घेणे, एखाद्या थोरल्या भावंडाकडून तोंडी परीक्षा घेवविणे, हे सारे त्यात असे. त्यांचा एकूण वेळ आठवड्याला सुमारे चौदा तास भरे. मात्र या सहा जादा तासांनी घडणारी गोष्ट केवळ अधिक सरावाची नव्हती. आपण कोठे उभे आहोत, याचे भान त्यांना दररोज मिळत होते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ते भान परीक्षेच्या निकालाच्या दिवशीच येई. एखादे उदाहरण सुटले नाही, तर ते आपल्यालाच सुटत नाही, की सर्वांनाच जड जाते आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. मग साहजिकच तो स्वतःच्या कुवतीवर शंका घेऊ लागे.

हा चिनी वंशाचा वा संस्कृतीचा काही जन्मजात गुण आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. ती एक रीत आहे, आणि रीत शिकविता येते. पुढे जे घडले, त्यातून हेच सिद्ध झाले.

कार्यशाळेचा वर्ग

त्या काळी विद्यापीठात दुर्बल विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग होतेच. परंतु ज्यांच्यासाठी ते काढले होते, ते तिकडे फिरकत नसत. आपल्या शाळेत पहिला आलेला विद्यार्थी ‘कच्च्यांच्या वर्गात’ जाऊन बसेल, ही अपेक्षाच अवास्तव होती. ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस जी कार्यशाळा सुरू केली, तिची पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ती दुर्बलांसाठी नव्हती. हा प्रगत विद्यार्थ्यांचा वर्ग आहे, येथे अधिक अवघड गणिते सोडवावयाची आहेत, असे सांगून विद्यार्थ्यांना बोलावले गेले. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश होता; बहुसंख्या मात्र अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांची राहील, अशी योजना होती.

नेहमीची व्याख्याने, नेहमीची परीक्षा, नेहमीचे परीक्षक यांत काहीही बदल केला नाही. त्यांच्या जोडीला कार्यशाळेचे जादा तास ठेवले. तेथे पुन्हा व्याख्यान नसे. विद्यार्थ्यांच्या हाती काळजीपूर्वक निवडलेल्या उदाहरणांचा कागद दिला जाई. प्रथम प्रत्येकाने स्वतः झटावयाचे आणि नंतर लहान गटात आपली रीत इतरांना समजावून द्यावयाची. अध्यापक गटागटांतून फिरत राही. उत्तर सांगण्याऐवजी तो आणखी एक प्रश्न विचारी. उदाहरणे अशी निवडलेली असत की, केवळ सूत्र आठवून ती सुटू नयेत आणि एकट्याने सोडविणे कठीण जावे. चर्चेची सक्ती कोणी केली नव्हती, उदाहरणांनीच ती केली होती.

परिणाम बोलका होता. कार्यशाळेतील कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाचे विद्यार्थी आपल्या समाजांतील इतर विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर वर्गातील गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांच्याही पुढे गेले. प्रवेशपूर्व परीक्षेत आठशेपैकी सहाशेच्या थोडे वर गुण असलेले कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थी, साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांच्या बरोबरीने कलनात यश मिळवू लागले. ट्रीझमन यांचा याविषयीचा प्रबंध १९८५ साली पूर्ण झाला आणि १९९२ साली त्यांचा विख्यात लेख प्रसिद्ध झाला. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत १९८८ साली याच धर्तीवर कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तो स्वीकारला.

टाकीतील पाणी

चर्चेने गणित कसे कळते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गणिताचे उत्तर एकच असते. त्यात चर्चा कशाची? म्हणून एक उदाहरण घेऊ. ते बर्कलेच्या कागदावरील नाही, आपल्या परिसरातील आहे.

नरसाळ्याच्या आकाराची, टोक खाली असलेली एक टाकी आहे. तिच्यात नळातून पाणी एकसारख्या धारेने पडते आहे. पाण्याची पातळी एकसारख्या वेगाने चढेल काय? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी लगेच शंकूच्या घनफळाचे सूत्र लिहितो, त्याचे अवकलन करतो आणि एक आकडा काढतो. तो आकडा बरोबरही असेल. परंतु शेजारची विद्यार्थिनी विचारते, “सुरुवातीला पातळी भराभर चढते आणि नंतर मंदावते, ते का?” आता त्याला सूत्र बाजूला ठेवून विचार करावा लागतो. टाकी वरच्या बाजूला रुंद होत जाते. पाण्याची उंची दुप्पट झाली की पृष्ठभागाची त्रिज्याही दुप्पट होते, म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौपट होते. तेवढेच पाणी आता चौपट जागेवर पसरते, म्हणून पातळी चढण्याचा वेग पूर्वीच्या चतुर्थांश राहतो. तिसरा विचारतो, टाकी उलटी, टोक वर करून ठेवली तर? आणि चौथा म्हणतो, गावच्या पाझर तलावात पाऊस सारखाच पडूनही शेवटचे हातभर पाणी वाढायला इतके दिवस का लागतात, ते आता कळले.

अवकलन म्हणजे बदलाचा वेग, ही व्याख्या त्या पहिल्या विद्यार्थ्याला पाठ होतीच. ती त्याला कळली मात्र तेव्हा, जेव्हा दुसऱ्याला पटवून द्यावी लागली. ज्याला समजावून द्यावयाचे आहे, तो आपल्या विचारातील फट झाकू शकत नाही. ऐकणारा नेमका तेथेच बोट ठेवतो.

व्याख्यानाच्या दालनात

हाच अनुभव निराळ्या वाटेने हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांना आला. १९८४ पासून ते तेथे शिकवीत होते, विद्यार्थी त्यांच्यावर खूष होते आणि परीक्षेतील अवघड उदाहरणेही सोडवीत होते. १९९० साली त्यांनी साध्या संकल्पनांवरील एक चाचणी वर्गाला दिली. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाचे बल कोणावर अधिक, अशा प्रकारचे प्रश्न त्यात होते. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना तोंडपाठ होता; तरीही अनेकांची उत्तरे चुकली. अखेर माझूर यांनी व्याख्यानाची रीत बदलली. थोडे सांगून झाले की एक प्रश्न द्यावयाचा, प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर नोंदवावयाचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यावयाचे आणि पुन्हा उत्तर नोंदवावयाचे. नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण कोठे अडलो होतो हे ताजे आठवत असते. प्राध्यापक ती अडचण केव्हाच विसरलेला असतो. शेजाऱ्याचे स्पष्टीकरण पुष्कळदा अधिक उपयोगी का ठरते, त्याचे कारण यात आहे. या पद्धतीवरील माझूर यांचे पुस्तक १९९७ साली प्रकाशित झाले.

केवळ एकदोन विद्यापीठांचे दाखले देऊन भागत नाही, म्हणून एका आकड्याचा उल्लेख आवश्यक आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांची एकत्रित छाननी स्कॉट फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासाचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते. ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना स्वतः काही करावे लागे, तेथे ते २१.८ टक्के होते.

आपल्याकडील अभ्यासिका

महाराष्ट्रातही या दिशेने विचार झाला नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित समाजांच्या विद्यार्थ्यांमधील गुणवत्ता शोधून जोपासण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. व्ही. जी. कुलकर्णी आणि एस. सी. आगरकर यांचा त्यावरील अहवाल १९८५ सालचा आहे, म्हणजे ट्रीझमन यांच्या प्रबंधाच्याच वर्षाचा. येथेही गुणवत्तेचा अभाव हे अपयशाचे कारण नव्हते. पाठ्यपुस्तकाची भाषा हा मुलांच्या वाटेतील मोठा अडसर आहे, याकडे या केंद्राने वारंवार लक्ष वेधले होते. त्याही पूर्वी, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी जे वसतिगृह काढले, तेथे एकत्र राहणे, एकत्र जेवणे आणि एकत्र शिकणे या गोष्टी वेगळ्या मानल्या जात नव्हत्या.

आज तालुक्याच्या गावी, आणि अनेक मोठ्या खेड्यांतही, अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. काही खाजगी आहेत. काही ग्रामपंचायतींनी वा नगरपालिकांनी उभारल्या आहेत. ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. घरी जागा नाही, दिवा नाही, शांतता नाही, अशा मुलामुलींना तिने मोठा आधार दिला आहे. परंतु बहुतेक अभ्यासिकांची रचना पाहावी. फळ्या मारून केलेले एकेकट्याचे खण, भिंतीकडे तोंड आणि ‘बोलू नये’ अशी पाटी. बर्कलेतील त्या अठरा विद्यार्थ्यांना जे खटकले नसते, तेच आपण खर्च करून उभे केले आहे. शांत बैठकीची गरज आहेच. ट्रीझमन यांच्या कार्यशाळेतही पहिली पायरी एकट्याची होती. उणीव दुसऱ्या पायरीची आहे. अभ्यासिकेला लागून एक खोली, एक फळा, खडू आणि चारसहा जणांना गोल बसता येईल अशी सतरंजी, एवढ्याने ती भरून निघू शकते. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ही बाब फार मोठी नाही. खोली नसेल तर संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळेचा एक वर्ग चालेल.

गटात अभ्यास म्हटले की गप्पा आल्या, नक्कल आली, असा आक्षेप अनुभवी शिक्षक घेतात, आणि तो खोटा नाही. गृहपाठाची एकच वही चौघांनी उतरवून काढणे याला कोणी सोबतीचा अभ्यास म्हणणार नाही. यावरचा उपाय दक्षता पथक नव्हे. दिलेले उदाहरण जर पुस्तकातले असेल आणि त्याचे उत्तर मार्गदर्शकात छापलेले असेल, तर मुले ते उतरवणारच. त्यात चर्चा करण्याजोगे असते तरी काय? म्हणून शिक्षकाची खरी मेहनत उदाहरणांचा कागद तयार करण्यात आहे. आठवड्याला चारच प्रश्न असावेत, परंतु ते ‘का’ विचारणारे असावेत आणि प्रथम प्रत्येकाने स्वतःच्या वहीत प्रयत्न करून आणलेला असावा. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. गटातील एकजण सांगतो आणि बाकीचे लिहून घेतात. गट मुलांनी आपसांत ठरविले, तर जातीच्या आणि वस्तीच्या रेघा त्यातही उमटतात. तेव्हा गट शिक्षकाने करावेत, काही आठवड्यांनी बदलावेत, आणि फळ्यावर समजावून देण्याची पाळी प्रत्येकावर येईल असे पाहावे.

वसतिगृहांच्या गृहपालांना येथे विशेष वाव आहे. रात्रीच्या जेवणानंतर सर्वत्र शांतता ठेवण्याचा नियम बहुतेक वसतिगृहांत असतो आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा होते. त्या वेळेतील शेवटचा अर्धा तास भोजनगृहात मोठ्याने चर्चा करण्यासाठी मोकळा ठेवला, तर नवा खर्च पडत नाही. मात्र तेथे केवळ अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना बोलावू नये. ‘कच्च्या मुलांचा तास’ असे नाव पडले की त्या तासाला कोणी येणार नाही, आणि आलाच तर मान खाली घालून येईल. वर्गातील पहिला आणि शेवटचा यांना एकाच कागदावर बसवावे. पहिल्याचेही त्यात नुकसान होत नाही, हे टाकीच्या उदाहरणावरून दिसलेच आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र वेळेचाच प्रश्न मुळाशी आहे. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असल्याचा लाभ खेड्यातील मुलीला क्वचितच मिळतो. दिवेलागणीला तिला घरी परतावे लागते. तेथे स्वयंपाक, भांडी आणि धाकटी भावंडे तिची वाट पाहत असतात. एकट्याने अभ्यास करण्याची पाळी तिच्यावर सवयीने नव्हे, नाइलाजाने येते. शाळा सुटल्यानंतरचा पाऊण तास, उजेड असताना, शाळेच्याच एका वर्गात आणि एखाद्या शिक्षिकेच्या उपस्थितीत तिला मिळू शकतो. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने पालकांशी आधी बोलणे जरूर आहे, आणि ज्या वाड्यावस्त्यांवरील मुली एस. टी. ने ये-जा करतात, तेथे गाडीची वेळ आगाराकडून बदलून घेता येते काय, तेही सरपंचांनी पाहावयास हवे.